चौदा नंबरचं परमिट

“मायाताई, मी केदार. खैरवाडी फीडरवर परमिट पाहिजे. तीन खांबांवरचे इन्सुलेटर फुटलेत, बदलायचेत.”

सकाळचे साडेदहा वाजले होते. सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये त्या शिफ्टला मी एकटीच ऑपरेटर होते. मी लॉगबुक पुढे ओढलं.

“पूर्ण नाव सांगा.”

“केदार यशवंत शिंत्रे. तुम्हाला माहितेय की, ताई.”

“माहीत असलं तरी विचारावं लागतं. वर कोण चढणार?”

“मीच. खाली दोघं आहेत.”

लाइनवर माणूस चढायचा तर आधी सबस्टेशनला फोन करायचा. ऑपरेटरने त्या लाइनचा पुरवठा बंद करायचा, एक नंबर द्यायचा, आणि तोच नंबर परत येईपर्यंत कोणी काहीही सांगो, पुरवठा सुरू करायचा नाही. याला आमच्यात परमिट म्हणतात. तेवढा वेळ खांबावरच्या माणसाचा जीव ऑपरेटरकडे ठेवायला दिलेला असतो.

मी खैरवाडी फीडरचा, म्हणजे त्या गावाकडे जाणाऱ्या लाइनचा ब्रेकर पाडला. लाल दिवा गेला, हिरवा लागला, म्हणजे लाइन बंद.

“परमिट नंबर चौदा,” मी म्हणाले. “वेळ दहा अडतीस.”

“चौदा. येतो करून.”

फोन ठेवून मी पॅनलपाशी गेले, तिथलं उरलेलं काम केलं आणि खुर्चीत येऊन बसले. केदारची बदली आमच्या सेक्शनला होऊन पंधराच दिवस झाले होते. यशवंत शिंत्र्यांचा एकुलता एक मुलगा. तेरा वर्षं मी ज्याची वाट बघत होते, ते असं आपल्या पायांनी चालत आलं होतं.

तेरा वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत शिंत्रे बसायचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. माझा नवरा बिरा कोळेकर तेव्हा लाइनमन होता. आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो. पाणीपुरवठ्याची लाइन बिराकडे होती, म्हणून ऑफिसने आमच्याकडे एक फोन बसवून दिला होता. त्या दिवशी काम कॉलनीच्या मागेच होतं. बिरा घरी आला, उभ्याउभ्या चहा प्याला आणि आप्पांना फोन लावला. मी भाकऱ्या थापत होते. तो म्हणाला, “आप्पा, परमिट द्या. किती? सव्वीस? बरं.” कप मोरीत ठेवला आणि गेला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी क्वार्टरमधला पंखा एकदा मंद झाला आणि परत फिरायला लागला. तेवढंच मला कळलं. नंतर बायका पळत आल्या.

चौकशी झाली. लॉगबुकात बिराचं परमिट नव्हतंच. सव्वीस नंबर होता, पण दुसऱ्याच माणसाच्या नावावर, दुपारी चारचा. सगळं पान एका बैठकीत लिहिल्यासारखं, एकाच शाईचं. मी चौकशी अधिकाऱ्याला फोनचं सांगितलं. तो म्हणाला, “वहिनी, तुमचं दुःख मी समजू शकतो.” आणि काही लिहिलं नाही. आप्पांनी जबाबात लिहून दिलं, ‘सदर फीडर अकरा दहाला चार्ज झाला.’ चार्ज म्हणजे पुरवठा सुरू. झाला. कोणी केला, ते त्या वाक्यात नव्हतं. अहवालात शेवटी आलं की मयताने परमिट न घेता लाइनवर चढण्याचा निष्काळजीपणा केला. मेलेल्या माणसाच्या वाट्याला तेवढं मात्र ‘केला’ आलं.

पाच वर्षांचा संसार होता आमचा. मूलबाळ नव्हतं. मी बारावी होते. अनुकंपावर मला घेतलं, ट्रेनिंगला पाठवलं. पहिल्याच आठवड्यात सुरक्षेच्या तासाला मास्तर फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, “परमिटशिवाय चढू नका. आपल्याकडं एक कोळेकर होता, त्याच्यासारखं करू नका.” मी तिसऱ्या बाकावर बसले होते. वहीत माझं नाव होतं, मायाक्का बिरा कोळेकर. मी वही पालथी घातली. पुढे दरवर्षी सुरक्षा सप्ताहात बिराचं नाव तसंच निघायचं, आणि दरवर्षी मी खाली मान घालून बसायचे.

आप्पा निवृत्त झाले. दाढी वाढवली, पांढरे कपडे घालायला लागले. दर गुरुवारी सकाळी कॉलनीच्या सभागृहात त्यांचं बोलणं असायचं. माणूस ढोंगी होता असं मी म्हणणार नाही. कोणाच्या घरी आजारपण असलं की ते जाऊन बसत, रात्रंदिवस सेवा करत. लोकांचा जीव होता त्यांच्यावर. एका गुरुवारी मीही जाऊन मागे बसले. बघावं तरी काय सांगतात.

“घराघरांतले दिवे वेगळे,” आप्पा सांगत होते. “कोणाचा चाळीसचा, कोणाचा शंभरचा. पण आत वाहते ती वीज एकच. तशी जाणीव एकच आहे. तीच माझ्यात बोलते, तीच तुमच्यात ऐकते. मग कोण कोणाचं वाईट करणार? करणारी तीच, सोसणारी तीच. मी केलं, त्यानं केलं, हे नुसतं दिव्यांचं भांडण.”

मी उभी राहिले.

“आप्पा, दिवा फुटला तर?”

त्यांनी मला ओळखलं. मला ते दिसलं. डोळे एकदा खाली गेले, परत वर आले.

“दिवा फुटतो, माय,” ते मऊ आवाजात म्हणाले. “वीज कुठं मरते?”

पुढच्या रांगेतल्या बाईने डोळ्यांना पदर लावला. मी चपला घालून बाहेर पडले. त्या दिवसापर्यंत मला एवढंच हवं होतं की या माणसाने खरं काय ते कबूल करावं. त्या दिवसानंतर मला त्याला दुखवायचं होतं. बिराचं त्यांनी असं काही करून टाकलं होतं की त्याच्या मरणाला कोणी मारणाराच उरला नव्हता, आणि खरं तर मरणाराही.

म्हणून त्या सकाळी, केदार खांबावर पोचायला लागेल तेवढा वेळ मी घड्याळाकडे बघत बसले. अकरा वाजता माझ्या मोबाइलवरून आप्पांना फोन लावला.

“आप्पा, मायाक्का कोळेकर बोलतेय.”

“बोल, माय.”

“मी ड्युटीवर आहे. खैरवाडी फीडर बंद केलाय. परमिट नंबर चौदा. केदारच्या नावावर आहे. तो आत्ता वर आहे, तारेला हात लावून.”

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

“बरं,” आप्पा म्हणाले. “मग?”

“मग काही नाही. मी पॅनलपाशी उभी आहे. माझं बोट बटणावर आहे.”

ते तीस वर्षं ऑपरेटर होते. त्यांना याहून जास्त काही सांगावं लागलं नाही.

“मायाक्का,” त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. “मायाक्का, हात काढ. हात काढ आधी.”

“कोणाचा हात?”

“वेडेपणा करू नको. त्या पोरानं तुझं काय केलंय?”

“बिरानं तुमचं काय केलं होतं?”

“पाप लागंल गं तुला.”

“मला? मी कोण, आप्पा? जाणीव एकच ना? मी बटण दाबलं तर तीच दाबणार, वर केदार जळला तर तीच जळणार. तुम्ही का घाबरताय? दिवा फुटेल. वीज कुठं मरते?”

ते रडायला लागले. म्हातारा माणूस रडतो तसं, आवाज न होता, फक्त श्वास अडकत. मी ऐकत होते. मला थांबवावंसं वाटलं नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदा मला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण खरं तेच आहे.

“त्या दिवशी काय झालं ते सांगा,” मी म्हणाले.

“घडून गेलं, मायाक्का. माझ्या हातून घडून...”

“घडलं म्हणू नका. परत सांगा.”

“तू हात काढ, मी सांगतो.”

“तुम्ही सांगा, मग काढते.”

फोन हातातून पडल्यासारखा आवाज झाला. मग परत श्वास ऐकू आला.

“मी परमिट दिलं होतं,” आप्पा म्हणाले. “सव्वीस नंबर. बिरालाच दिलं होतं. अकराच्या सुमाराला पाणीपुरवठ्यावरनं फोन आला. टाकी भरली नाही, गावात ओरड चाललीय, पुरवठा द्या. मी त्याच नादात उठलो आणि दिला. विसरलो मी. बिरा वर आहे हेच विसरलो.”

“कोणी दिला पुरवठा?”

“मी दिला.”

“आणि पान?”

“पान मी बदललं. त्याच संध्याकाळी बसून नवीन लिहिलं. मी लिहिलं, मायाक्का, दुसऱ्या कोणी नाही. आता हात काढ. तुझ्या पाया पडतो, हात काढ.”

मी फोन बंद केला. काही न सांगता. तेवढंही मी त्यांना दिलं नाही.

खांबावर चढलेला माणूस फोन उचलत नाही, हे आप्पांना माहीत होतं. त्यांचं घर दोन किलोमीटरवर होतं. दहाव्या मिनिटाला स्कूटर फाटकाच्या आत आली, स्टँडवर न लावताच खाली पडली. आप्पा आत आले तेव्हा अंगात बनियन होता, पायांत काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ पॅनलकडे गेले, खैरवाडीच्या कपाटापुढे थांबले आणि तसेच उभे राहिले.

ब्रेकर एका लोखंडी गाडीवर बसवलेला असतो. ती गाडी कपाटातून ओढून बाहेर काढली की मग कोणीही, कितीही बटणं दाबली तरी लाइनला वीज पोचत नाही. खैरवाडीची गाडी पूर्ण बाहेर होती. आप्पांना फोन करायच्या आधी, केदारचा फोन ठेवल्याबरोबर, मी ती काढली होती. तसा नियमच आहे, पण मी काढली ती नियमासाठी नव्हती. माझा माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून काढली होती.

आप्पांनी गाडीवर हात ठेवला. मग तिथंच फरशीवर बसले.

“म्हणजे तो सुखरूप होता,” ते म्हणाले.

“पहिल्यापासून.”

“तू मला फसवलंस.”

“हो. मी फसवलं.”

ते गाडीकडे बघतच म्हणाले, “एवढंच करायचं होतं मला. बिराला परमिट दिल्यावर ही गाडी ओढून काढायची होती. दोन मिनिटांचं काम. मग विसरलो असतो तरी चाललं असतं, बटण दाबूनही काही झालं नसतं. मी कंटाळा केला, मायाक्का. तासाभरात परत आत ढकलायचीच आहे, कशाला ओढा, असं वाटलं. हे मी फोनवर सांगितलं नाही तुला. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.”

विसरणं मी एकवेळ पचवलं असतं. तेरा वर्षं मी विसरण्यावर राग धरून बसले होते. कंटाळा मात्र मला पचेना. मी टेबलाशी आले. कोरा कागद काढला, पेन ठेवलं.

“लिहा. कंटाळ्यासकट.”

ते उठले, खुर्ची ओढून बसले आणि लिहायला लागले. अक्षर तेच, गोल, सुबक, लॉगबुकातलं. पान भरलं, पाठपोट भरलं. प्रत्येक ओळीत ‘मी’ होता. सही करून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

“केदारला तू सांगणार?”

“तुम्ही सांगायचं.”

बारा वीसला सबस्टेशनचा फोन वाजला. मला माहीत होतं कोणाचा असणार. मी रिसीव्हर उचलून आप्पांच्या हातात दिला. ते नको नको म्हणत मागे सरकले, पण मी तो त्यांच्या कानाला लावून धरला.

“ताई, काम झालं,” केदारचा आवाज मलाही ऐकू येत होता. “परमिट चौदा परत.”

परमिट परत घेताना ऑपरेटरने एक प्रश्न विचारायचाच असतो. मी आप्पांकडे बघत राहिले.

आप्पा रिसीव्हरकडे वाकले. “सगळी माणसं खाली आली का?”

“बाबा?” केदार म्हणाला. “तुम्ही तिथं काय करताय?”

“केदार, तू खाली आलास का रे?”

“आलो की. काय झालं, बाबा? रडताय का तुम्ही?”

मी रिसीव्हर काढून घेतला. “चौदा नंबर परत घेतला. बारा बावीस,” मी म्हणाले आणि लॉगबुकात लिहिलं.

पुढच्या गुरुवारी मी सभागृहात गेले. आप्पा खरंच सांगतात का ते बघायला गेले होते. केदार भिंतीला टेकून उभा होता. त्याला घरी सगळं कळलेलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. आप्पा नेहमीच्या जागी न बसता उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. सव्वीस नंबर, पाण्याच्या टाकीचा फोन, गाडी, कंटाळा, पान. सगळं.

मला वाटलं होतं लोक उठून जातील, कोणी तरी दोन शब्द सुनावेल. मला ते हवं होतं. पण पुढच्या रांगेतली तीच बाई हात जोडून म्हणाली, “आप्पा, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुम्हीच शिकवलंय आम्हाला. करणारी ती. तुम्ही नुसतं निमित्त.”

माना डोलल्या. कोणी तरी म्हणालं, “किती मोठं मन.”

“निमित्त नाही!” आप्पा ओरडले. त्यांना ओरडताना कोणी कधी ऐकलं नव्हतं. “मी! मी दिला पुरवठा. मी मारला त्याला. ऐका की रे कोणी तरी!”

बाई घाबरून मागे सरकली. पण तिच्या तोंडावरची माया गेली नाही. कोणाच्याच गेली नाही. ते सगळे त्यांना क्षमा करून मोकळे झाले होते, त्यांच्याच शब्दांनी. त्या भरलेल्या सभागृहात आप्पांना दोषी मानणारी माणसं तीन होती. एक मी, एक केदार, आणि एक ते स्वतः. त्यांनी मान वर करून मला शोधलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले, नजर काढली नाही. मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू?

आप्पांचा कागद मी वरच्या ऑफिसला दिला. सोबत माझंही एक पान जोडलं. ड्युटीवर असताना मी कोणाला फोन केला, काय धमकी दिली, किती वेळ, सगळं लिहिलं. ते पान दिलं नसतं तर कोणाला कळलं नसतं, आप्पांनी माझं नाव त्यांच्या कागदात घेतलंच नव्हतं. मला चार महिने निलंबित केलं. वर्षभराने बिराच्या फाइलवर नवीन शेरा आला, मयताची चूक नव्हती. पुढच्या सुरक्षा सप्ताहात मास्तरांनी कोणाचंच नाव घेतलं नाही. आप्पांचे गुरुवार बंद झाले. पुढे सहा वर्षं ते जगले. वाटेत दिसायचे, मी बोलायचे नाही, तेही बोलायचे नाहीत.

मी निलंबनात असताना एकदा केदार घरी आला होता. दारातच उभा राहिला. पाणी विचारलं तर नको म्हणाला.

“बाबांचं जे केलंत ते मी समजू शकतो,” तो म्हणाला. “त्यांनी केलं होतं. पण माझं काय चुकलं होतं, ताई?”

“काही नाही.”

“मग मला का वापरलंत?”

“तू त्यांचा मुलगा होतास म्हणून.”

“ब्रेकरची गाडी तुम्ही आधीच काढली होती, बाबांनी सांगितलं मला. पण मी वर होतो तेव्हा हे फक्त तुम्हाला माहीत होतं. आता वर चढलो की हात कापतो माझा. पूर्वी कापत नव्हता.”

आप्पांच्या तोंडून शब्द काढायला मी तेरा वर्षं तयारी केली होती, या मुलासाठी माझ्यापाशी एक वाक्य नव्हतं. तो गेला.

मी परत ड्युटीवर रुजू झाले, तेव्हा वाटलं होतं केदार दुसरीकडे बदली मागून घेईल. त्याने घेतली नाही. फक्त माझ्या शिफ्टला परमिट हवं असलं की तो फोन करायचा नाही. मोटरसायकलने स्वतः सबस्टेशनला यायचा. मी ब्रेकर पाडायचे, गाडी बाहेर काढायचे. तो कपाटात वाकून बघायचा, गाडीला हात लावून बघायचा, मग खिशातून एक पितळी कुलूप काढून, गाडी परत आत ढकलता येऊ नये म्हणून, त्या कपाटाला लावायचा आणि किल्ली घेऊन अकरा किलोमीटर लांब लाइनवर जायचा. असं कुलूप लावायची आमच्याकडे पद्धत नव्हती. वरिष्ठांनी मला एकदा विचारलं, हे काय चालवलंय याने? मी म्हणाले, चालू द्या.

मी निवृत्त होईपर्यंत, नऊ वर्षं, तो तसाच येत राहिला. कुलूप लावून झालं की एकदा ओढून बघायचा, आणि माझ्याकडे न बघता म्हणायचा, “नंबर सांगा.”

मी नंबर सांगायचे.